नाटोचा विस्तार आणि रशियाची बाजू: वाचायची कशी?

अर्धविराम

युक्रेन युद्धाची चर्चा कुठेही सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादाला तिला दोन फाटे फुटतात. "नाटोने दिलेला शब्द मोडला म्हणून रशिया चिडला" हा एक. "नाटो नुसतं निमित्त, पुतिनना साम्राज्य हवंय" हा दुसरा. पुढे सगळं गुऱ्हाळ. मला यातला कुठलाच फाटा पकडायचा नाहीये. रशियाची बाजू रशिया स्वतः मांडतो तशी आधी समजून घ्यायची आहे, मग ती कुठे टिकते आणि कुठे गळते ते पाहायचं आहे.

अडतंय ते इथे. १९९० साली "एक इंचही पूर्वेला नाही" हे कोण कुणाला म्हणालं, आणि कशाबद्दल? लेखी काही नाही म्हटल्यावर विषय संपतो का? रशियन निवेदनांत सारखी येणारी "अविभाज्य सुरक्षा" ही काय भानगड आहे? भीती खरंच लष्करी असेल तर ती रणगाडे, क्षेपणास्त्रं, किलोमीटर यांत दाखवता यायला हवी, येते का? आणि फिनलंड नाटोत गेला तेव्हा मॉस्कोने ते एवढं थंडपणे कसं घेतलं?

मतं जरूर द्या, पण सोबत तारीख, कागद, कलम असं काही असू द्या.

जुनं दफ्तर

१९९० चं मी घेतो, बाकीचं इतर जाणकार सांगतील.

"शब्द दिला" असं एकवचनी म्हटलं जातं तिथेच घोळ सुरू होतो. ३१ जानेवारी १९९० ला पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गेन्शर टुट्झिंगच्या भाषणात जाहीरपणे म्हणाले, की नाटोने आपला प्रदेश पूर्वेकडे, सोव्हिएत सीमेच्या दिशेने, वाढवणार नाही असं सांगून टाकावं. ९ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना भेटले. प्रसिद्ध "एक इंच" तिथला. पण तो आला प्रश्नाच्या रूपात. एकत्रित जर्मनी नाटोबाहेर, अमेरिकी सैन्याविना, स्वतःच्या मर्जीने वागणारी चालेल, की नाटोशी बांधलेली, पण नाटोची अधिकारकक्षा आजच्या जागेवरून एक इंचही पूर्वेला सरकणार नाही या हमीसह? गोर्बाचेव्ह म्हणाले, विचार करू. पण नाटोच्या क्षेत्राचा विस्तार आम्हाला मान्य होणार नाही हे नक्की. बेकर म्हणाले, त्याबाबत आपलं एकमत आहे. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोलही त्याच सुरात बोलले. इथपर्यंत रशियन बाजू भक्कम आहे. दोन्हीकडची टिपणं खुली झालेली आहेत आणि ती एकमेकांशी जुळतात.

आता पुढचा भाग, जो रशियन निवेदनांत कधी येत नाही. २४-२५ फेब्रुवारीला कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि कोल बसले आणि "अधिकारकक्षा" ही भाषाच गुंडाळली गेली. कारण अगदी व्यवहाराचं होतं: अर्धा जर्मनी नाटोच्या कक्षेबाहेर ठेवला तर त्या अर्ध्यावर हल्ला झाल्यास उरलेल्यांनी काय करायचं? त्याऐवजी पूर्व जर्मनीच्या भूमीला "विशेष लष्करी दर्जा" अशी मांडणी पुढे आली. म्हणजे "एक इंच" हा वाटाघाटीतला प्रस्ताव होता. जेमतेम पंधरा दिवस तो टेबलावर राहिला आणि अमेरिकेने तो काढून घेतला. काढून घेताना मॉस्कोला तितक्या स्पष्टपणे सांगितलं मात्र नाही. रशियाचा राग या न सांगण्यावर आहे असं म्हटलं तर मला पटतं. करार मोडला यावर आहे असं म्हटलं तर पटत नाही.

लेखी आलं ते १२ सप्टेंबर १९९० च्या "दोन अधिक चार" करारात (दोन जर्मनी, आणि अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स). कलम ५ वाचा. सोव्हिएत सैन्य बाहेर पडल्यावर (मुदत १९९४ अखेर) जुन्या पूर्व जर्मनीच्या भूमीवर परकीय सैन्य आणि अण्वस्त्रं "ठेवली जाणार नाहीत, तैनात केली जाणार नाहीत". सहीच्या आदल्या रात्री याच "तैनात" शब्दावर घोडं अडलं. तिथे सराव केला तर ती तैनाती धरायची का? शेवटी एक पुरवणी टिपण जोडलं गेलं, की या शब्दाचा अर्थ जर्मन सरकार वाजवीपणे आणि जबाबदारीने ठरवेल. त्या टिपणाखाली सगळ्यांनी वेगळ्या सह्या केल्या. कलम ६ सांगतं की एकत्रित जर्मनीला कुठल्या आघाडीत जायचं ते ठरवायचा हक्क आहे. पोलंड, हंगेरी यांच्याबद्दल करारात अक्षर नाही.

आणि कलम ५ आजही जिवंत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने रॉस्टॉकला नौदलाचं बहुराष्ट्रीय मुख्यालय सुरू केलं, तेव्हा रशियाने जर्मन राजदूताला बोलावून याच कराराचा हवाला दिला. जर्मनीचं उत्तर: मुख्यालय आमचं, इतर देशांचे फक्त अधिकारी आहेत. म्हणजे जिथे कागद आहे तिथे रशिया कागदावर बोट ठेवतो, आणि जिथे नाही तिथे "भावना" सांगतो. हा फरक वाचताना सुटू देऊ नका.

कुणीही १९९० चं अवतरण तोंडावर फेकलं की चार गोष्टी विचारा: १२ सप्टेंबरच्या आधीचं की नंतरचं, तोंडी की लेखी, बोलणाऱ्याला देशाला बांधून घ्यायचा अधिकार होता का, आणि "पूर्व" म्हणजे पूर्व जर्मनी की पूर्व युरोप. पुतिननी १० फेब्रुवारी २००७ ला म्युनिकमध्ये नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस व्योर्नर यांचं १७ मे १९९० चं वाक्य वाचून दाखवलं होतं. ते चौथ्या प्रश्नावर अडखळतं. व्योर्नर पश्चिम जर्मनीच्या भूमीपलीकडे, म्हणजे पूर्व जर्मनीत, नाटोचं सैन्य न नेण्याबद्दल बोलत होते. वॉर्सा करार, म्हणजे सोव्हिएत गटाची लष्करी आघाडी, तेव्हा अस्तित्वात होता, तो १ जुलै १९९१ ला विसर्जित झाला.

तिरपा डोळा

एक भर, मग माझा आक्षेप.

भर अशी, की गोर्बाचेव्हची २०१४ ची मुलाखत दोन्ही बाजू अर्धी वापरतात. नाटो-समर्थक पहिला अर्धा उचलतात: "नाटो विस्ताराचा विषय त्या वर्षांत चर्चेलाच आला नव्हता." रशिया-समर्थक दुसरा: नंतरचा विस्तार हा १९९० च्या आश्वासनांच्या भावनेचा भंग होता. दोन्ही त्याच मुलाखतीत आहेत. ज्याने अर्धंच दिलं त्याचं पुढचं वाचायची घाई करू नका.

आक्षेप असा, की १९९० वर एवढा घाम गाळणं हीच रशियाने आखून दिलेली चौकट आहे. मॉस्कोला १९९० आवडतं, कारण त्या तोंडी आश्वासनांखाली सही नाही, फक्त तक्रार आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या कागदांवर सही आहे. १९७५ च्या हेलसिंकी परिषदेच्या अंतिम दस्तऐवजात प्रत्येक देशाला आघाडीत असण्या-नसण्याचा हक्क मान्य केलाय, आणि सही ब्रेझनेव्हची. ऑगस्ट १९९३ मध्ये वॉर्सात रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन आणि पोलंडचे अध्यक्ष वालेसा यांचं निवेदन निघालं की पोलंडचा नाटोप्रवेश रशियाच्या हिताविरुद्ध नाही. तीन आठवड्यांत, १५ सप्टेंबरला, येल्त्सिननी क्लिंटनना पत्र लिहून ते फिरवलं.

ते पत्र मात्र जरूर वाचा. त्यात येल्त्सिन म्हणतात की पूर्व युरोपीय देश नाटोत गेले म्हणजे नाटो आपोआप रशियाच्या विरोधात जाईल असं आम्ही मानत नाही. पण आमच्या लोकमताला ते कसं दिसेल ते लक्षात घ्या. आणि त्याच पत्रात १९९० च्या कराराच्या "आत्म्या"चा पहिला मोठा हवाला आहे. पुढच्या तीस वर्षांचा युक्तिवाद तिथे बीजरूपात सापडतो, आणि तो लष्करी नाही, घरच्या राजकारणाचा आहे.

मग २७ मे १९९७, पॅरिस, नाटो-रशिया संस्थापक कायदा. नाव कायदा, पण बंधनकारक करार नाही, राजकीय बांधिलकी. नाटो म्हणते, "सध्याच्या आणि नजीकच्या भविष्यातल्या सुरक्षा-परिस्थितीत" नव्या सदस्यांकडे "लक्षणीय लढाऊ दलं" कायमची ठेवणार नाही. रशिया म्हणते, आम्हीही युरोपात तसाच संयम ठेवू. "लक्षणीय" म्हणजे किती हे दोघांनी मिळून कधीच ठरवलं नाही. आणि "सध्याच्या परिस्थितीत" हा लगाम वाक्याच्या सुरुवातीलाच आहे. रशियन निवेदनांत तो गळतो.

दूरमाप

लष्करी बाजू. आधी शब्द नीट लावू, कारण अर्धी भांडणं अनुवादाची आहेत.

रशियाच्या लष्करी सिद्धान्तपत्रात (२०१० चं आणि २०१४ चं) दोन वेगळे शब्द आहेत. "ओपास्नोस्त" म्हणजे अशी स्थिती की जी विशिष्ट परिस्थितीत पुढे धोक्यात बदलू शकते. "उग्रोझा" म्हणजे संघर्षाची प्रत्यक्ष शक्यता. नाटोचं नाव पहिल्या यादीत आहे, अगदी वर, पण दुसरीत नाही. मराठीत दोन्हींना "धोका" म्हटलं की रशियाने २०१० पासूनच युद्धाची भाषा केली असं वाटतं. मी पहिल्याला "जोखीम" आणि दुसऱ्याला "धोका" म्हणतो.

दुसरं, त्या नोंदीचा रोख लष्करी पायाभूत सुविधा सीमेजवळ आणण्यावर आहे. ध्वज कुठला यापेक्षा धावपट्टी, बंदर, दारूगोळ्याची कोठारं, रडार, रेल्वेचे चढ-उतार धक्के काय आहेत हे रशियन जनरल मोजतो. शत्रूचा हेतू मोजू नये, क्षमता मोजावी, ही त्यांची शिकवण. २२ जून १९४१ च्या जर्मन हल्ल्याची ठसठस तिच्यामागे आहे. हेतू एका निवडणुकीत बदलतो, धावपट्टी तिथेच राहते. इथवर त्यात खुळेपणा काही नाही, जगातलं कुठलंही सैन्य असाच विचार करतं.

आता आकडे लावा. २९ मार्च २००४ ला बाल्टिक देश नाटोत आले. त्यांच्या आकाशाच्या पहाऱ्यासाठी शाउल्याई तळावर आली चार लढाऊ विमानं. फक्त चार. जमिनीवर मित्रदेशांची एकही कायमस्वरूपी लढाऊ तुकडी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेचे शेवटचे २२ एब्रॅम्स रणगाडे जर्मनीतून घरी गेले. रशियाने २०१४ मध्ये क्रायमिया घेतल्यानंतर, २०१६ च्या वॉर्सा परिषदेतल्या निर्णयाने, २०१७ मध्ये तीन बाल्टिक देश आणि पोलंड इथे एकेक बटालियन-गट आला, प्रत्येकी साधारण हजार-बाराशे माणसं, तेही आलटून-पालटून. सदस्यसंख्या वाढत असताना युरोपातलं प्रत्यक्ष बळ २०१४ पर्यंत घटत होतं. केवळ सैन्यबळ हा निकष असेल तर रशियाची तक्रार १९९७ ते २०१४ या काळात लंगडी पडते.

पण तीन ठिकाणी ती लंगडी नाही, आणि पाश्चात्त्य लेखनात ही तीन ठिकाणं घाईघाईने ओलांडली जातात.

पहिलं युगोस्लाव्हिया. १२ मार्च १९९९ ला पोलंड, हंगेरी, चेक प्रजासत्ताक आत आले आणि बारा दिवसांनी, २४ मार्चला, सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय नाटोची युगोस्लाव्हियावर बाँबफेक सुरू झाली. ती ७८ दिवस चालली. रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते, त्यांनी अटलांटिकवरून विमान माघारी वळवलं. "नाटो फक्त बचावासाठी आहे" हे वाक्य रशियन श्रोत्याच्या कानात त्या दिवसापासून बसत नाही. २०११ च्या लिबियाने त्यावर कडी केली: सुरक्षा परिषदेच्या ठराव क्रमांक १९७३ ला रशियाने नकाराधिकार वापरला नाही, तटस्थ राहिला, आणि नागरिकांच्या संरक्षणाची मोहीम राजवट कोसळेपर्यंत गेली.

दुसरं, पारंपरिक शस्त्रास्त्रं मर्यादित करणारा १९९० चा करार. तो नाटो आणि वॉर्सा करार या दोन गटांमधला होता, त्यातला एक गटच उरला नाही. १९९९ ला इस्तंबूलमध्ये सुधारित मसुदा झाला. रशियाने तो २००४ मध्ये संमत केला. नाटो देशांनी केला नाही: आधी जॉर्जिया आणि मोल्दोव्हातून सैन्य काढायचं इस्तंबूलचं वचन पाळा, म्हणाले. दरम्यान बाल्टिक देश त्या कराराबाहेरच राहिले, म्हणजे तिथे किती रणगाडे ठेवायचे याला कागदावर कमाल मर्यादा नाही. २००७ मध्ये रशियाने आपला सहभाग स्थगित केला. इथे दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच हे भिजत घोंगडं कुणाच्याच भाषणात येत नाही.

तिसरं, क्षेपणास्त्र-संरक्षण. अमेरिका २००२ मध्ये एबीएम करारातून (प्रतिक्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारा) बाहेर पडली. रुमानियात देवेसेलूला २०१६ पासून २४ प्रतिक्षेपणास्त्रांचा तळ चालू आहे, पोलंडमध्ये रेडझिकोवोला दुसरा. ती २४ प्रतिक्षेपणास्त्रं रशियाचा आण्विक मारा अडवू शकत नाहीत, हे रशियन तज्ज्ञांनाही ठाऊक आहे. खरा आक्षेप मार्क-४१ या प्रक्षेपकावर आहे. हीच उभी नळकांडी युद्धनौकांवर टॉमाहॉक ही लांब पल्ल्याची क्रूझ क्षेपणास्त्रं डागतात. अमेरिका म्हणायची की जमिनीवरच्या आवृत्तीत त्यासाठीची संगणकप्रणाली आणि जोडण्या नाहीत. २ ऑगस्ट २०१९ ला मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार संपला (रशियाचं ९एम७२९ क्षेपणास्त्र त्याचा भंग करतं हा अमेरिकेचा आरोप होता) आणि १८ ऑगस्टला अमेरिकेने जमिनीवरच्या मार्क-४१ मधूनच टॉमाहॉकची चाचणी घेतली. सोळा दिवसांत! रशियाला आयतं कोलीत.

आता याच मुद्द्याची दुसरी कड. रशियाच्या डिसेंबर २०२१ च्या मागण्यांना दिलेल्या २६ जानेवारी २०२२ च्या उत्तरात अमेरिकेने लेखी देऊ केलं, की दोन्ही तळांवर टॉमाहॉक नाहीत हे तुम्ही तपासा, बदल्यात रशियातले दोन क्षेपणास्त्र-तळ आम्हाला तपासू द्या. चिंता प्रक्षेपकाची असती तर हा धागा पकडून महिनोन्‌महिने ताणता आला असता. तो पकडला गेला नाही.

आणि पुतिनच्या २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणातला वेळेचा हिशेब: खार्किव्हहून मॉस्कोला टॉमाहॉकला ३५ मिनिटं, बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला ७ ते ८, ध्वनीच्या अनेक पट वेगाच्या अस्त्राला ४ ते ५. नकाशावर पट्टी ठेवा. खार्किव्ह ते मॉस्को सरळ रेषेत साधारण ६५० किलोमीटर. लाटव्हियाची पूर्व सीमा ते मॉस्को ६०० च्या आत. लाटव्हिया २००४ पासून नाटोत आहे. युक्रेनची ईशान्य सीमा आणखी जवळ आहे हे मान्य, पण मग उदाहरण खार्किव्हचं का? आणि युक्रेनमध्ये अशी अस्त्रं ठेवायची योजना कुणाचीच नव्हती.

अर्धविराम

"जोखीम" आणि "धोका" हे एकदम उपयोगी. एक शंका. डिसेंबर २०२१ च्या रशियन मसुद्यात नाटोने १९९७ च्या सीमांवर परत जावं, म्हणजे पोलंड वगैरेंना बाहेर काढावं, अशी मागणी होती ना?

जुनं दफ्तर

नाही, आणि ही चूक सर्रास होते. १७ डिसेंबर २०२१ ला दोन मसुदे प्रसिद्ध झाले, एक अमेरिकेसोबतचा, एक नाटोसोबतचा. नाटोच्या मसुद्यातलं कलम ४ असं आहे: जे देश २७ मे १९९७ ला नाटोचे सदस्य होते त्यांनी, आणि रशियाने, युरोपातल्या इतर देशांच्या भूमीवर त्या तारखेला जेवढं सैन्य होतं त्यापेक्षा जास्त ठेवू नये. पोलंडचं सदस्यत्व राहील, पोलंडचं स्वतःचं सैन्य राहील. अमेरिकी, जर्मन, ब्रिटिश तुकड्या जातील. सदस्यत्वाचं कवच कागदावर राहील आणि ते निभावणारी माणसं निघून जातील, असा हिशेब.

कलम ६ मध्ये पुढचा विस्तार बंद, युक्रेन नाव घेऊन. कलम ७ कमी वाचलं जातं, ते सर्वांत बोलकं आहे: युक्रेन, पूर्व युरोप, दक्षिण कॉकेशस आणि मध्य आशियात नाटो सदस्यांनी कुठलीही लष्करी हालचाल करू नये. बंदी एका बाजूलाच. रशियाचं सैन्य मोल्दोव्हाच्या ट्रान्सनिस्ट्रियात आणि जॉर्जियाच्या अब्खाझिया, दक्षिण ओसेतियात आहे, त्यावर त्या कलमात शब्द नाही.

शब्दवेध

अविभाज्य सुरक्षेचं राहिलं. इस्तंबूल, नोव्हेंबर १९९९, युरोपीय सुरक्षा सनद, परिच्छेद ८. रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी जानेवारी २०२२ अखेरीस सगळ्या पाश्चात्त्य परराष्ट्रमंत्र्यांना पत्र पाठवून यावरच बोट ठेवलं. परिच्छेदात एकापाठोपाठ तीन गोष्टी येतात. प्रत्येक देशाला आपली सुरक्षाव्यवस्था, त्यात आघाडी आलीच, निवडायचा आणि बदलायचा हक्क आहे. कुणीही दुसऱ्याच्या सुरक्षेच्या किमतीवर आपली सुरक्षा बळकट करणार नाही. आणि कुठलाही देश वा गट या क्षेत्रातल्या कुठल्याही भागाला आपलं प्रभावक्षेत्र मानू शकणार नाही.

पश्चिम पहिलं वाक्य वाचते. रशिया दुसरं वाचतो, आणि पहिल्या-दुसऱ्यात ओढाताण आहे हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. तिसरं वाक्य दोघेही हळू आवाजात वाचतात. रशिया जरा जास्तच हळू.

माझा मुद्दा मात्र "रशियाची बाजू" या शब्दांनाच आहे. कोणता रशिया? डिसेंबर १९९२ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत परराष्ट्रमंत्री कोझिरेव्ह उठले आणि त्यांनी कडक भाषण ठोकलं: नाटो आमच्या अंगणात नको, जुना सोव्हिएत प्रदेश हे आमचं क्षेत्र. सभागृह गार. थोड्या वेळाने ते पुन्हा उभे राहिले आणि म्हणाले, हे माझं मत नव्हतं, आम्ही पडलो तर आमचे विरोधक असं बोलतील हे दाखवलं. त्याच माणसाच्या तोंडून दोन रशिया, एकाच बैठकीत. दुसरं टोक घ्या: निवृत्त जनरल इवाशोव्ह आयुष्यभर नाटोचे कट्टर विरोधक. त्यांनी २०२२ च्या सुरुवातीला अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या वतीने जाहीर निवेदन काढलं, की बाहेरचे धोके आहेत पण आज ते निर्णायक नाहीत, युद्धाची तयारी थांबवा. लष्करी भाष्यकार खोदारेनोक यांनी ३ फेब्रुवारी २०२२ ला लिहिलं, की युक्रेनवर झटपट विजयाची स्वप्नं पाहणाऱ्यांना युक्रेन ठाऊक नाही. नाटोविरोध आणि युद्ध यांच्यात सरळ रेघ ओढणाऱ्यांनी या दोघांना कुठे बसवायचं ते सांगावं.

शब्दांचंही बघा. रशियनमध्ये "रास्शिरेनिये", मराठीत "विस्तार", आणि दोन्हींत नाटो कर्ता होते, पोलंड कर्म. "पोलंडने नाटोत प्रवेश मिळवला" म्हटलं की कर्ता बदलतो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. अर्ज करणारा आणि दार उघडणारा, दोघांशिवाय काही घडत नाही. नाटोच्या स्थापनेच्या वॉशिंग्टन कराराच्या कलम १० नुसार प्रत्येक सदस्याची संमती लागते. रशियन मांडणीत अर्ज करणारा देश जवळजवळ दिसतच नाही, अमेरिका आणि रशिया दोघेच खोलीत असतात. तो नजरेतला दोष त्या बाजूचा भाग म्हणूनच टिपायचा. एस्टोनियाला १९४० आठवतं, सोव्हिएत संघाने देश गिळला ते वर्ष, आणि ते आठवणं हेही लष्करी वास्तवच आहे.

तिरपा डोळा

फिनलंड. १६ मे २०२२ ला पुतिन म्हणाले, फिनलंड-स्वीडनशी आमचं काही भांडण नाही, त्यांच्या प्रवेशाने थेट धोका नाही, लष्करी सुविधा आल्या तर उत्तर देऊ. हे त्यांच्याच "सुविधा" निकषाला धरून आहे, म्हणून विसंगती दिसते तेवढी मोठी नाही. ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड आत आला, सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा जोडली गेली, रशियाची नाटोशी असलेली जमिनीवरची सीमा दुपटीहून जास्त झाली. पलीकडे कोला द्वीपकल्पावर रशियाच्या आण्विक पाणबुड्या. उत्तर म्हणून २०२४ मध्ये लेनिनग्राड लष्करी जिल्हा पुन्हा उभा केला. पण त्या काळात फिनलंडलगतच्या तळांवरचं बरंचसं सैन्य युक्रेनमध्ये होतं. सीमेपलीकडून हल्ला होईल असं मानणारा कुणी ते हलवत नाही.

उलट युक्रेन. जुलै २०१० मध्ये युक्रेनचे अध्यक्ष यानुकोविच यांनी युक्रेन कुठल्याही आघाडीत जाणार नाही असा कायदा केला. क्रायमियातल्या सेवास्तोपोलच्या रशियन नौदल तळाचा भाडेकरार त्याच वर्षी २०४२ पर्यंत वाढवला. मार्च २०१४ ला क्रायमिया घेतला तेव्हा तो कायदा लागू होता. रद्द झाला डिसेंबर २०१४ मध्ये. त्या संघर्षाची ठिणगी नाटो नव्हे, युरोपीय संघाशी सहकार्य करार. पुतिनच्या १८ मार्च २०१४ च्या भाषणात सेवास्तोपोलमध्ये नाटोचं नौदल आलं असतं हे आहेच, पण त्याभोवती इतिहास, धर्म, रशियन भाषक यांचा पसारा मोठा आहे. त्यांचा १२ जुलै २०२१ चा लेख तर रशियन आणि युक्रेनी एकच लोक आहेत यावर उभा आहे. फिनलंडबद्दल असा लेख कुणी लिहिला नाही.

दूरमाप

क्रायमियाबाबत सहमत, पण बुखारेस्ट गाळू नका. तिथल्या नाटो परिषदेच्या ३ एप्रिल २००८ च्या जाहीरनाम्यातला परिच्छेद २३: युक्रेन आणि जॉर्जिया नाटोचे सदस्य "होतील". कधी ते नाही, पूर्वतयारीचा आराखडा नाही, कारण जर्मनी-फ्रान्सने तो अडवला. म्हणजे रशियाला चिथावणी पूर्ण, युक्रेनला संरक्षण शून्य. अमेरिकेचे मॉस्कोतले राजदूत बर्न्स यांनी दोन महिने आधी वॉशिंग्टनला लिहून बजावलं होतं की युक्रेनबाबतचा "नाही" पुतिनपुरता नाही, सगळ्या रशियन वर्तुळाचा आहे. नाटोकडून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती विचाराल तर मी १९९९ किंवा २००४ म्हणणार नाही, हे एक वाक्य म्हणेन.

आणि केवळ तटस्थतेवर हे मिटलं असतं का, याची चाचणी २०२२ च्या वसंतात झाली. २९ मार्चला इस्तंबूलमध्ये युक्रेनने हमीदार देशांच्या बदल्यात तटस्थता देऊ केली. एप्रिलच्या मसुद्यात अडलं ते दोन जागी. रशियाला युक्रेनचं सैन्य ८५,००० हवं होतं, युक्रेनला २,५०,०००. आणि हल्ला झाल्यास मदतीला जायचं तर सर्व हमीदारांचं एकमत हवं, असं रशियाचं म्हणणं, जेव्हा रशिया स्वतःच हमीदारांत होता. नाटोचा मुद्दा टेबलावर सुटत आला होता. उरला तो युक्रेन स्वतःचं रक्षण करू शकेल की नाही हा.

अर्धविराम

मग एक नकाशा करून ठेवावा म्हणतो, सदस्यत्वाच्या वर्षांप्रमाणे रंगवून.

दूरमाप

तो रंगीत नकाशा सगळीकडे आहे आणि तोच फसवतो. निळा रंग दर वर्षी पूर्वेला सरकताना दिसतो, त्यात लाटव्हियातली चार विमानंही दिसत नाहीत आणि खुद्द लिथुएनियाशेजारच्या रशियन कॅलिनिनग्राडमधली इस्कंदर क्षेपणास्त्रंही.

चार नकाशे करा: १९९७, २००४, २०१३, २०२१. प्रत्येकावर सदस्यदेश पुसट ठेवा आणि गडद शाईने फक्त परकीय भूमीवरचं सैन्य काढा. एका रंगात नाटोचं, दुसऱ्यात रशियाचं. ट्रान्सनिस्ट्रिया, अब्खाझिया, क्रायमिया विसरू नका. प्रक्षेपकांसाठी वेगळी खूण, देवेसेलूलाही आणि कॅलिनिनग्राडलाही तीच.

तिरपा डोळा

दूरमाप, घाईत चूक झाली. ती चार विमानं शाउल्याईला, म्हणजे लिथुएनियात.

दूरमाप

बरोबर, लिथुएनियाच. वर लिहिताना तळाचं नाव नीट दिलं आणि देश खाली चुकवला. एस्टोनियातला आमारी हवाई तळ २०१४ पासून या पहाऱ्यात धरला जातो, तोही २०२१ च्या नकाशावर घ्या.